सुपातून परत

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत चार वस्तू होत्या. कॉफीचा थर्मास, दशम्यांचा डबा, शाई गळणारं पेन आणि एका साडेतीन वर्षांच्या मुलीचा फोटो. पहिल्या तीन माझ्या. चौथीवर दोन घरं हक्क सांगत होती, एक बेल्जियममधलं आणि एक बीड जिल्ह्यातलं. त्यातल्या एकाच्या पारड्यात टाकायचं एक वाक्य आणायला मी निघाले होते. बाहत्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा होता, आणि शहाणी माणसं त्या दिवसांत बीडहून बाहेर पडत होती, बीडकडे जात नव्हती.

मी फ्रेंच शिकवते. वर्गात सात विद्यार्थी, त्यातले दोन झोपायला येतात. उरलेल्या वेळात गणेशोत्सवाच्या नाटकांत खाष्ट सासवा करते आणि एका वकीलसाहेबांकडे आलेल्या परदेशी पत्रांची भाषांतरं करते. मार्त नावाच्या बाईंची पत्रं अशीच माझ्याकडे आली. नवरा-बायको दोघंही शाळामास्तर, मूल नाही. पुण्याच्या एका अनाथाश्रमातल्या मुलीचा फोटो त्यांना गेला होता, तो त्यांनी भिंतीवर लावला होता आणि तिला न्यायचं ठरवलं होतं. पलंग आणला, निळं पांघरूण आणलं. तिला अंधाराची भीती वाटते का, असं मार्तबाई प्रत्येक पत्रात विचारायच्या. अकरा पत्रं मराठीत आणल्यावर माणूस कोणाच्या बाजूचा होणार? मी मार्तबाईंच्या बाजूची होते, हे आधीच कबूल करते.

मुलीची हकीकत अशी. बाप फौजेत होता, आदल्या लढाईत पूर्वेच्या सरहद्दीवर पडला. पेन्शनीचा कागद अजून कचेऱ्यांतून फिरत होता. आई, तिचं नाव सोजर, पोरीला कडेवर घेऊन नगरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेली. तोडीचं काम जोडीनं चालतं, एक तोडतो, एक मोळ्या बांधतो, आणि त्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. सोजरनं भावाबरोबर कोयता पुरा केला आणि तळावरच तापानं गेली. भावानं पोर दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे ठेवली आणि तो पुढच्या फडात गेला. परत आला तेव्हा पोर पुण्याला पोचली होती. भाऊ अजून कुठल्या तरी कारखान्यावर आहे, कुठल्या ते कोणालाच ठाऊक नाही.

आता फाईल. तिच्यात दोन कागद एकमेकांशी भांडत होते. एक होता मुलीच्या आजीचा, बापाच्या आईचा, हौसाबाईंचा अर्ज, की नात माझी आहे, मला द्या. खाली अंगठा. दुसरा तहसील कचेरीच्या कारकुनाचा अहवाल, की समक्ष विचारलं असता सदर बाईंनी 'मुलगी माझी नाही' असं स्पष्ट सांगितलं. न्यायाधीशांनी डोक्याला हात लावला असेल. पुन्हा एकदा तोंडी विचारून पंचांसमक्ष जबाब आणा, असा हुकूम झाला. वकीलसाहेबांचा कारकून उन्हाच्या नुसत्या कल्पनेनं आजारी पडला, आणि मी म्हटलं, मी जाते.

"बाई, एकदाच विचारा," वकीलसाहेब म्हणाले. "म्हातारी 'नाही' म्हणाली की सह्या घ्या आणि परत या. जास्त बोलू नका."

मला जास्त बोलू नका म्हणणं म्हणजे बैलाला शेपूट हलवू नको म्हणणं.

नगर सुटलं तशी झाडं विरळ होत गेली. आष्टीला गाडी थांबली तेव्हा दहाच वाजले होते, पण ऊन बारा वाजल्याचं होतं. स्टँडच्या कडेला पत्र्याखाली एका माणसाचं चहाचं दुकान होतं. चहा आला तो काळा.

"दूध नाही?" मी विचारलं.

"म्हस छावणीत हाय," तो शांतपणे म्हणाला. "लईच पायजे आसंल तर तिकडं जाऊन पिऊन या."

गूळ घातलेला तो कोरा चहा मी बाकावर बसून प्याले. समोर गाठोड्यांवर चाळीसेक माणसं बसली होती, बायका, पोरं, एक म्हातारा कोंबडी मांडीवर घेऊन. कुठे चाललात म्हणून विचारलं तर म्हातारा म्हणाला, "जिकडं गाडी जाईल तिकडं." त्याला विनोद करायचा नव्हता. मी हसायला उघडलेलं तोंड चहाला लावलं.

सौताड्याचा धबधबा मी लहानपणी पाहिला होता. खिडकीतून मान काढून तो दाखवायला गेले, तर शेजारची बाई म्हणाली, "तिथं आता नुसता धबधब्याचा दगुड हाय." पुढे पाटोद्याच्या अलीकडे चढावर आमची गाडी तापली. वाफ निघाली. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर प्रवाशांकडे वळला.

"कुणाकडं पाणी हाय का?"

गाडीत तांबे, कळशा, बाटल्या सगळं होतं. सगळ्यांनी ते पायाखाली सरकवलं आणि बाहेरचा देखावा बघायला लागले. बाहेर देखावा नव्हता. बालाघाटचे डोंगर भाजलेल्या भाकरीसारखे पडले होते, कडा करपलेल्या. शेवटी मी थर्मास पुढे केला.

"ह्ये काय?"

"कॉफी."

ड्रायव्हरनं वास घेतला. "इंजिनाला चालंल का?"

"मला तर चालते. ते माझ्याहून तरुण आहे."

गाडीभर हशा झाला, आणि त्या हशात, आष्टीहून आमच्याच गाडीत चढलेल्या कोंबडीवाल्या म्हाताऱ्यानं आपला तांब्या काढून दिला. मग एक कळशी आली, मग दुसरी. माझी कॉफी वाचली, ती मी पाटोद्याच्या स्टँडवर कंडक्टरबरोबर वाटून घेतली. तिथे बाजार होता, पण विकायला आलेल्यांत दाणे कमी आणि पाट्या, फावडी, दोरखंड जास्त. दुष्काळी कामावर जायचं सामान. माझ्या उजव्या चपलेचा अंगठाही तिथेच तुटला. चांभारानं तो शिवला आणि विचारलं, "बाई, ह्या दिवसांत इकडं कावून (का म्हणून) आलात?" मी त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि चपलेत पाय घातला.

केजला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी युसूफ वडगाव गाठलं ते ट्रकमधून, लाल मिलोच्या पोत्यांवर बसून. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, त्या वर्षी सगळा मराठवाडा तीच खात होता. ट्रक वडगावच्या सोसायटीच्या गोदामाशी थांबला. मी पोत्यांवरून एखाद्या पौराणिक देवीसारखी अवतरले, फक्त देवींच्या पातळाला इतका भुसा लागलेला नसतो. सोसायटीचे सेक्रेटरी समोरच होते. हौसाबाईंचा अर्ज लिहिणारे हेच गृहस्थ.

"सहकार म्हंजी काय बाई," चहा देताना ते म्हणाले, "एकाला लिव्हता येत न्हाई, मग चौघांनी मिळून लिव्हायचं."

"पण मग हौसाबाई तोंडानं 'नाही' का म्हणाल्या?"

त्यांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. "ते बायकांचं हाय. तुमीच इचारा."

हौसाबाईंची वाडी वडगावपासून तासाभराच्या वाटेवर. सेक्रेटरी सोबत आले. वाडीच्या अलीकडे पाझर तलावाचं काम चाललं होतं. चढत्या उन्हात शंभर-सव्वाशे माणसं मातीच्या पाट्या वाहत होती आणि एका बाजूला बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. हातोडीचे आवाज एका तालात नव्हते, प्रत्येकीचा थकवा वेगळा होता. सेक्रेटरींनी बोट दाखवलं. साठीची, सुकलेली, ताठ बसलेली बाई. डोळ्यांत कचकी उडू नये म्हणून पदर नाकापर्यंत ओढलेला.

मी समोर उकिडवी बसले. वकीलसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे फोटो काढून दिला. तिनं आधी हात पदराला पुसले, मग फोटो घेतला. खूप वेळ पाहिला. फोटोतल्या मुलीच्या उजव्या नाकपुडीला छोटं भोक दिसतं. हौसाबाईंचा अंगठा त्या नाकपुडीशी जाऊन थांबला.

"हौसाबाई, ही तुमची नात आहे का?"

हातोड्या थांबल्या. अख्ख्या ओळीचे कान इकडे.

"न्हाई," ती म्हणाली.

"नीट बघून सांगा."

"बघितलं. माजी न्हाई."

झालं. मला हवं होतं ते वाक्य मिळालं होतं, आणि साक्षीदार दोन सोडून तीस होते. दुपारच्या ट्रकनं केज, उद्या पुणे, परवा मार्तबाईंना तार. मी फोटो घ्यायला हात पुढे केला. हौसाबाई फोटो देईना. तिनं खडीच्या ढिगात अंगठा टेकवला आणि काळी धूळ फोटोतल्या मुलीच्या गालावर लावली. नीट, गोल, तीट लावावी तशी. मग फोटो पदराखाली ठेवला आणि हातोडी उचलली.

कोर्टाच्या फायलीतला फोटो तो! मी म्हटलं, "अहो, तुमची नाही ना? मग द्या की परत."

तिनं पुढचा दगड फोडला. शेजारची बाई मात्र फिदीफिदी हसली. "बाई, ती तसं मोठ्यानं म्हनायची न्हाई. तुमी शांताला इचारा."

शांताबाईंचं घर बौद्ध वस्तीत, शाळेला लागून. त्यांचे यजमान शाळेत गुरुजी. घर शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोनाड्यात पुस्तकं एका उंचीची लावलेली. शांताबाई चाळिशीच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी मला मिलोची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. मिलोची भाकरी गिळताना घशाला जाब द्यावा लागतो, पण तिसऱ्या घासाला सवय होते. मी खात होते आणि त्या सांगत होत्या.

"सोजरची पयली दोन गेली. एक सव्वा म्हयन्याचं, एक दातं यायच्या टायमाला. मग ही झाली. तवा सासूनं ठरीवलं, हिला इकायची."

"विकायची?"

"सुपात घालून. तुमच्याकडं न्हाई का? मूल जगत नसलं की त्येला आपलं म्हनायचं न्हाई. उकिरड्यावर सुपात ठिवायचं, दुसऱ्या बाईनं मूठभर दाणं देऊन उचलायचं. नाव बी कचरी ठिवायचं. उजवं नाक टोचायचं. म्हंजी सटवाईला वाटतं, ह्यांचं न्हाईच ह्ये पोर, टाकलेलं हाय. मग ती न्हेत न्हाई. पाच वर्सांची झाली की आईनं दाणं देऊन परत घ्यायची."

"आणि उचलली कोणी?"

"मीच की."

त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या ताटात वाढला. "मलाच कावून बोलावलं, ते बी मला ठावं हाय. आमच्या पदरात टाकली म्हंजी सटवाईला बी घाण वाटंल, म्हून. आमचे ह्ये तवा धा दिवस माज्याशी बोलले न्हाईत. दीक्षा घेतलेली माणसं आमी, असलं मानत न्हाई. पण सोजर माज्यासंगं खुरपायला यायची. तिनं हात धरला. मी गेलते."

"आणि परत देणं?"

"ऱ्हायलं. पाच वर्सं कुठं झाली? सोजर गेली. मग सासू कशी म्हनंल माजी हाय? तोंडातनं निघालं आन् सटवाईनं ऐकलं तर?"

"पण अर्जावर अंगठा दिला की त्यांनी!"

शांताबाई हसल्या. "ते मी बी इचारलं. म्हातारी म्हनती, सटवाई लिव्हती. वाचत न्हाई."

मी ताटावरून उठले ती हात धुवायलाही विसरले. साठ वर्षांच्या बाईनं नातीला जिवंत ठेवण्यासाठी तहसीलच्या कारकुनाला 'नाही' सांगितलं होतं, आज मला सांगितलं होतं, आणि पुण्याच्या कोर्टातही उभी राहून 'नाही'च म्हणाली असती. ते 'नाही' माझ्या पिशवीत होतं. निळं पांघरूणही माझ्याच डोक्यात होतं. उन्हात शाळेच्या भिंतीला टेकून मी बराच वेळ बसले. दमणूक प्रवासाची नव्हती. एखाद्या भूमिकेत तुम्हाला कळतं, की टाळ्या मिळतील पण नाटक चुकीचं आहे, तशी ती होती.

शाळा सुटल्यावर गुरुजी आले, मागोमाग सेक्रेटरी. गुरुजी शिडशिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मी त्यांना म्हटलं, शांताबाईंनी मुलगी रीतसर परत दिली, तर हौसाबाईंचं तोंड उघडेल.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "हे थोतांड एकदा झालं. पुन्हा माझ्या घरातून होणार नाही."

शांताबाई चुलीपाशी होत्या. मागे न वळता बोलल्या, "घेतली ती चूक, मग द्यायची ती बी चूक? आन् पोरगी कुठं ऱ्हायली, मधीच?"

गुरुजींनी खिशातलं एक पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं. मी सासूच्या भूमिकेतलं माझं ठेवणीतलं भाषण काढणार होते, पण सेक्रेटरींनी खुणेनं गप्प केलं. उत्तमच केलं.

"तुझ्या मनात काय आहे?" गुरुजींनी विचारलं.

"देते. पाच वर्सं थांबलं तर पोरगीच हातची जाईल. पण उकिरड्यावर न्हाई. त्या टायमाला उकिरड्यावर गेलते. आता त्येंच्या घरात देईन, उंबऱ्याच्या आत. आन् घरातलं पाणी प्यीन."

सेक्रेटरी एकदम चपलेचा बंद बघायला लागले. वाडीत एकच आड होता, तोही तळ दाखवणारा, आणि त्याहून जुन्या गोष्टीही वाडीत होत्या. संध्याकाळी हा निरोप घेऊन हौसाबाईंकडे मीच गेले. वाटेत वाक्यं जुळवली, हातवारे ठरवले. हौसाबाई कामावरून येऊन ओट्यावर पाय सोडून बसली होती, फोटो मांडीवर.

मी पहिलं वाक्य संपवलं तोच ती म्हणाली, "आसं म्हनली का शांता?"

"हो."

तिनं मांडीवरचा फोटो उचलून पदराखाली ठेवला. तेवढ्यात शेजारची दोन घरं दारात येऊन उभी राहिली होती.

"बरुबर म्हनती," हौसाबाई त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सकाळी ये म्हनावं. कामाच्या आधी."

सकाळी वाडी लोटली. सेक्रेटरींनी उत्साहानं सूपभर मिलो आणली होती. हौसाबाईनं ते बाजूला सारलं.

"सरकारचं दाणं देऊन घेतली तर पोर सरकारची हुईल."

ती आत गेली. आढ्याला टांगलेलं फडक्याचं गाठोडं तिनं काठीनं खाली घेतलं. बियाण्याची ज्वारी. लोकांनी मिलो खाल्ली, सुकडी (सरकारी पौष्टिक भुकटी) खाल्ली, पण बियाण्याला हात लावला नव्हता. तिनं गाठ दातानं सोडली आणि एक मूठ भरून घेतली. गर्दीतून कोणीतरी "आगं, अर्दी घे" म्हणालं. मूठ तेवढीच राहिली.

पण सुपात काय ठेवायचं? मुलगी पुण्यात. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी तिला पिशवीतून काढणार होते. ती तर हौसाबाईच्याच पदराखाली होती. म्हटलं, "फोटो ठेवा. कोर्टाला चालतो, सटवाईला न चालायला काय झालं?"

एक म्हातारा म्हणाला, "खरं हाय. तिला वाचता येत न्हाई, पन बघता येतंय."

शांताबाई आल्या. स्वच्छ पांढरं लुगडं नेसलेल्या, मागे गुरुजी. उंबऱ्याशी त्या थांबल्या. हौसाबाई आतून म्हणाली, "ये की गं. कावून थांबलीस?" आणि शांताबाई आत गेल्या. हौसाबाईनं घागरीतून तांब्या भरला, काठोकाठ, आणि स्वतःच्या हातानं दिला. त्या सावकाश प्यायल्या, सगळा. एवढ्या माणसांत घोटांचा आवाज ऐकू येत होता.

मग सूप दोघींच्या मध्ये. सुपात धूळ लागलेल्या गालाची मुलगी. हौसाबाईनं ज्वारी शांताबाईंच्या ओंजळीत घातली. शांताबाईंनी सूप उचलून तिच्या पदरात रिकामं केलं.

"घे. तुजी तुला दिली."

हौसाबाईनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. इतकी वर्षं दाबून धरलेलं वाक्य गंजलं असावं. मग ते आलं.

"माजी हाय."

"मोठ्यानं म्हन गं," कोणीतरी म्हणालं.

"माजी हाय! माज्या लेकाची लेक हाय! सोजरची हाय, माजी हाय!" तिला थांबता येईना. बाहेर रस्त्यावर कामाला निघालेल्यांना ती ओरडून सांगायला लागली. नाटकात इतका वेळ एकच वाक्य कोणी म्हटलं असतं, तर मी पडदा पाडला असता. इथे मी पिशवीत पेन शोधत राहिले, कारण डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं.

जबाब गुरुजींनी लिहिला, वळणदार अक्षरात. 'रिवाजाप्रमाणे' या शब्दाशी ते अडले, मग तो त्यांनी तसाच ठेवला. माझं पेन नेहमीसारखं गळलं होतं, त्या शाईतच हौसाबाईचा अंगठा बुडवला. साक्षीदार म्हणून सेक्रेटरींनी सही केली, गुरुजींनी केली, आणि मग शांताबाईंनी पेन मागितलं. एकेक अक्षर काढत, ओळ चढवत, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. हौसाबाई खांद्यावरून बघत होती. "लई येळ लागतो गं तुला," ती म्हणाली. "अंगठा बरा."

"तुजा बरा. मला ह्येच बरं," शांताबाई म्हणाल्या.

परतीचा प्रवास मला नीट आठवत नाही. गाडी पुन्हा तापली, या वेळी थर्मास रिकामा होता. आष्टीला तोच चहावाला भेटला आणि म्हणाला, "म्हस आजून छावणीतच हाय." मी मान हलवली. 

वकीलसाहेबांनी जबाब वाचला आणि चष्मा काढला. "बाई, तुम्ही खाता कोणाचं?"

"काल मिलो खाल्ली," मी म्हटलं. त्यांनी मला पुन्हा काम दिलं नाही.

तारखेला हौसाबाई आणि शांताबाई दोघी पुण्याला आल्या. न्यायाधीशांनी विचारलं आणि हौसाबाईनं असं उत्तर दिलं, की पट्टेवाला दारातून आत डोकावला. मुलगी तिला मिळाली. आश्रमात मात्र कचरीनं आजीला ओळखलंच नाही. तिथे तिचं नाव जुई होतं. ती आयाबाईच्या लुगड्यात तोंड घालून रडली, शांताबाईंकडेही गेली नाही.  हौसाबाई फरशीवर बसली आणि म्हणाली, "तिला वळख न्हाई तर न्हाई. मला हाय की." दोन तास ती तशीच बसून राहिली, तेव्हा कुठे पोर तिच्या बांगडीला हात लावायला आली.

मी बरोबर केलं का? मला ठाऊक नाही. आडाचा तळ मी पाहिला होता, आणि निळ्या पांघरुणाचा रंगही मला पाठ होता. मार्तबाईंना पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. मी सगळं लिहिलं, सूप, सटवाई, मूठभर बियाणं, गालावरची धूळसुद्धा. त्यांचं उत्तर आलं नाही. येऊ नये, असंच मला वाटत होतं.

पुढच्या सुगीनंतर युसूफ वडगावहून एक पुडकं आलं. आत मूठभर नवी ज्वारी आणि गुरुजींच्या अक्षरातली चिठ्ठी. 'हौसाबाई सांगतात, त्या परदेशातल्या बाईनेही पोरीला मनाने उचलले होते. तिचेही देणे राहिले. हे तिला पोचवा. कचरी बरी आहे, बोलते फार. हे मी केवळ सांगितल्यावरून लिहीत आहे.'

धान्य असं परदेशी पाठवता येत नाही. मी पाठवलं. कसं ते विचारू नका, नाटकवालीला कपड्यांना चोरकप्पे शिवता येतात आणि बाहुलीही शेवटी कपडेच घालते.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. पत्र नव्हतं. मार्तबाईंच्या भिंतीवर असायचा तो फोटो होता फक्त, टाचणीची चार भोकं कोपऱ्यांत. आमच्या फायलीतल्या फोटोचीच ही दुसरी प्रत. उजव्या गालावर पेन्सिलीनं काढलेला, बोटानं पसरवून गोल केलेला एक काळा ठिपका होता.